चौथा भाग

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे सरकारी नोकर प्रथम नकाशा काढतो आणि मग मुलांच्या शाळेची चौकशी करतो. १९८४ साली लखनौचा हुकूम वाचला तेव्हा आम्ही यांपैकी काहीच केले नाही. आम्हांला एकदम दोन माणसे आठवली. एक आमच्या वडिलांचे दैवत, पंडित विष्णु नारायण भातखंडे. आणि दुसरा आमचे पंधराव्या वर्षीचे दैवत, क्लिफ रिचर्ड. पहिले वाळकेश्वरी जन्मले आणि लखनौला येऊन संगीताचे विद्यालय उभे करून गेले. दुसरा लखनौत जन्मला आणि विलायतेस जाऊन गाऊ लागला. या दोघांच्या मध्ये आमच्या पुण्याच्या घरात एक लहानशी चोरी झाली होती. ती आम्ही आजवर कोणास सांगितलेली नाही.

आमचे बिऱ्हाड चिनहटला पडले. लखनौच्या पूर्वेस फैजाबादच्या रस्त्यावरचे हे गाव आज शहराच्या पोटात गेले आहे. त्या काळी मात्र कठौता तळ्याच्या आसपास शेते दिसत. इतिहासात चिनहटला जागा आहे ती ३० जून १८५७ च्या लढाईमुळे. त्या दिवशी सर हेन्री लॉरेन्स यांची फौज येथे पराभूत होऊन लखनौकडे माघारी पळाली आणि रेसिडेन्सीचा तो प्रसिद्ध वेढा सुरू झाला. बाजारात गावाचे नाव झाले ते झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांमुळे. हिरव्या-तपकिरी नक्षीचे पेले आणि बरण्या रस्त्याच्या कडेला मांडून ठेवलेल्या असत. मराठी बोलणारे दुसरे घर मात्र आसपास नव्हते. अशा ठिकाणी संध्याकाळ फार लांबते आणि माणूस स्वतःच्याच जुन्या गोष्टी उकरून काढू लागतो.

क्लिफ रिचर्डचे खरे नाव हॅरी रॉजर वेब. त्याचा जन्म १४ ऑक्टोबर १९४० रोजी लखनौच्या किंग जॉर्ज रुग्णालयात झाला. वडील रेल्वेला खानपान पुरविणाऱ्या कंपनीत व्यवस्थापक होते आणि बिऱ्हाड हजरतगंजाजवळच्या मकबरा भागात होते. देश स्वतंत्र झाल्यावर, १९४८ साली, हे कुटुंब ‘रांची’ नावाच्या आगबोटीने तीन आठवड्यांचा प्रवास करून टिलबरीच्या धक्क्यावर उतरले. हॅरी सोळा वर्षांचा झाला तेव्हा वडिलांनी त्याला एक गिटार घेऊन दिली. दोनच वर्षांनी, १९५८ साली, त्याची ‘मूव्ह इट’ ही तबकडी निघाली. इंग्लंडातली पहिली अस्सल रॉक-अँड-रोल तबकडी तीच, असे पुष्कळ जाणकार मानतात. १९५९ मध्ये ‘लिव्हिंग डॉल’ तेथील यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. १९६३ साली ‘समर हॉलिडे’ हा बोलपट आला. बीटल्सचे वादळ उठण्यापूर्वीचा तो राजकुमार होता; आणि वादळ उठल्यावरही टिकला. सलग पाच दशकांत, प्रत्येकात किमान एकदा, तो त्या यादीच्या शिखरावर राहिला. १९९५ साली राणीने त्याला ‘सर’ केले.

१९६३ साली आम्हांला यातले फारसे ठाऊक नव्हते. ठाऊक होता तो फक्त आवाज. एका मित्राच्या घरी रेडिओ सिलोनवर तो ऐकू येई आणि आम्ही भूगोलाचे पुस्तक मांडीवर ठेवून ऐकत बसू. घरी हे शक्य नव्हते. आमचे वडील, नाना, दिवसा कचेरीत कारकुनी करीत आणि रात्री चार मुलांना गाणे शिकवीत. त्यांच्या फळीवर भातखंडे यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग ओळीने उभे असत. मूळ मराठीतली ती पुस्तके त्यांनी एकेक करून, पगारातून पैसे वाचवून घेतलेली होती. ज्या चिजा घराण्यांच्या पेटीत कुलूपबंद होत्या त्या या वकिलाने गावोगाव हिंडून, उस्तादांच्या विनवण्या करून मिळविल्या आणि छापून कारकुनाच्याही हाती दिल्या, हे सांगताना नानांचा आवाज कापे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब: एवढ्या चार खुणांवर एका मोठ्या विद्येचे ओझे तोलले गेले आहे, असे ते म्हणत.

लष्करातल्या जुन्या तबकड्यांच्या दुकानात आम्हांला ‘लिव्हिंग डॉल’ दिसली. पैसे कमी पडत होते. आम्ही घरी आलो, फळीवरून चौथा भाग काढला, उरलेले पाच जरा सैल करून उभे केले आणि पुस्तक अप्पा बळवंत चौकात विकले. सहांतून एक गेले तर कोणाच्या लक्षात येते, असा आमचा हिशेब होता. तबकडी मित्राच्या ग्रामोफोनवर पुष्कळ वाजली. नाना काही बोलले नाहीत. पुढे आमच्या ध्यानात आले की चौथ्या भागातली चीज शिकवायची वेळ आली म्हणजे ते डोळे मिटून आठवणीने शिकवीत. हिशेब बरोबर निघाला, असे आम्ही तेव्हा मानले.

पुढची वर्षे मोठी गमतीची गेली. १९६६ साली जॉर्ज हॅरिसन मुंबईस येऊन पंडित रविशंकरांपुढे सतार घेऊन बसला. त्याच वर्षीच्या बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीच्या वेष्टनावर तबलावादक म्हणून अनिल भागवत हे नाव छापलेले होते. ते आडनाव वाचून आमची छाती उगाच फुगली. साहेब आपल्या विद्येकडे येत आहेत, हे नानांना सांगावे असे फार वाटले. पण सांगायला गेलो असतो तर बोलणे कोणत्या फळीपाशी येऊन थांबले असते, हे आम्हांला ठाऊक होते.

१९८६ च्या हिवाळ्यात नाना चिनहटला आमच्याकडे राहावयास आले. त्यांचे एकच मागणे होते: कैसरबागेतले विद्यालय पाहावयाचे. १९२६ साली भातखंडे यांनी ते स्थापिले तेव्हा गव्हर्नरांच्या नावाने ते मॅरिस कॉलेज म्हणून ओळखले जाई. पुढे त्याला खुद्द भातखंडे यांचे नाव मिळाले. श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ते दीर्घकाळ सांभाळले. संगीतकार रोशन आणि गायक तलत महमूद तेथेच शिकले. नानांनी दारात वहाणा काढल्या. आत कोणी मुलगी यमन घोकत होती. ती थांबेपर्यंत ते भिंतीला टेकून उभे राहिले.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, “इथं चौथा भाग मिळेल का रे?”

आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहिले नाही. अमीनाबादेत तीन दुकाने हिंडल्यावर तो मिळाला, पण हिंदी आवृत्तीचा. नानांनी पाने चाळली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, “भाषा बदलली आहे. खुणा त्याच आहेत. चालेल.” पैसे आम्ही दिले. ते त्यांनी देऊ दिले. एरवी ते आमच्या पैशाने पानसुद्धा खात नसत.

परतताना रिक्षा हजरतगंजावरून गेली. गप्प बसवेना म्हणून आम्ही म्हणालो, “नाना, इथं एक मोठा गाणारा लहानपणी राहत होता. विलायतेत फार नाव झालं त्याचं.”

“कोणाकडे शिकला?”

“कोणाकडेच नाही. वडिलांनी गिटार घेऊन दिली होती.”

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बापानं घेऊन दिली का? मग बरं झालं.”

तेव्हा सांगावयास हवे होते. चिनहट येईपर्यंत पुष्कळ रस्ता होता आणि पुस्तक त्यांच्या मांडीवर होते. आम्ही रस्त्याकडेच्या बरण्यांच्या किमतीविषयी बोललो. नाना १९९१ साली गेले. आता फळी आमच्याकडे आहे: पाच भाग मराठी, एक हिंदी.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी क्लिफ रिचर्डला ८५ वर्षे पूर्ण झाली. त्या संध्याकाळी नातवाने आपल्या यंत्रावर आम्हांला ‘लिव्हिंग डॉल’ लावून दिली. गाणे अजूनही गोड आहे. त्यात त्या मुलाचा काय दोष? ते संपल्यावर आम्ही चौथा भाग काढला. एका पानाच्या कडेला नानांनी पेन्सिलीने एक खूण केलेली आहे. तिचा अर्थ आम्हांला लागत नाही, कारण आम्ही शिकलो नाही. परगावी राहणाऱ्या वाचकांपैकी ज्यांचे वडील अद्याप सुट्टीत त्यांच्याकडे येतात, त्यांच्यासाठी एवढे लिहिले.