पाण्याखालची भिंत

आमच्या चौथीच्या वर्गाची सहल विजयदुर्गला गेली होती. एस.टी.तून उतरल्या उतरल्या मुलं पळतच सुटली. समोर भलामोठा तट, पण दरवाजा काही दिसेना!

“बाई, आत जायचं कुठून?” एका मुलीने विचारलं.

बुरुजांच्या आडून वळत वळत गेलो, तेव्हा कुठे दरवाजा सापडला. शत्रूला दरवाजावर सरळ तोफ डागता येऊ नये म्हणून ही युक्ती!

मुलांनो, हा किल्ला सिंधुदुर्ग जिल्ह्यात वाघोटण खाडीच्या मुखाशी आहे. याचं जुनं नाव घेरिया. शिलाहार राजा भोज याने तो आठशे वर्षांपूर्वी बांधला, असं मानतात. शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून जिंकून घेतला आणि भक्कम केला. तीन बाजूंना पाणी आणि एकामागे एक असे तीन तट. चौथ्या बाजूला खंदक होता, तो आता बुजलाय.

पण खरी गंमत आहे पाण्याखाली! किल्ल्यापासून थोड्या अंतरावर समुद्रात एक दगडी भिंत आहे. सुमारे १२२ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि ७ मीटर रुंद. मोठ्या जहाजांचा तळ पाण्यात खोलवर असतो. असं जहाज किल्ल्याजवळ आलं, की तळ भिंतीवर आपटलाच म्हणून समजा. मराठ्यांची गलबतं मात्र उथळ तळाची, त्यांना थोडं पाणीही पुरायचं.

कान्होजी आंग्रे यांच्या काळात, १७२० साली इंग्रज इथे चालून आले. १७२४ साली डच आले. दोघेही हात हलवत परत गेले.

मग असा किल्ला पडला कसा?

पुढे नानासाहेब पेशवे आणि तुळाजी आंग्रे यांच्यात वितुष्ट आलं. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्राकडून अॅडमिरल वॉटसनची जहाजं आली आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज. तोफगोळ्याने एक जहाज पेटलं. त्याची आग शेजारच्या जहाजांना लागली आणि बघता बघता आंग्र्यांचं तिथलं सगळं आरमार जळून गेलं. १३ फेब्रुवारीला किल्ला पडला.

तटावर बसून मी हे सांगत होते. मुलं अगदी गप्प झाली होती. मग तीच मुलगी म्हणाली, “बाई, तेव्हा ती पाण्यातली भिंत कुठे गेली होती?”

“भिंत जागेवरच होती गं,” मी म्हटलं. “आपली माणसंच एका बाजूला नव्हती.”

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यात विजयदुर्गही आहे. तुम्ही गेलात, तर तटावरच्या तोफगोळ्यांच्या खुणा जरूर शोधा. पण शेजारी स्वतःचं नाव मात्र कोरू नका हं!