उजवा कौल

मसुऱ्याकडच्या एका घरातले दोघे भाऊ गेल्या वैशाखात माझ्याकडे आले. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं एक बाड त्यांनी टेबलावर ठेवलं. थोरला गावात असतो, धाकटा डोंबिवलीला. जमिनीचा वाद कोर्टात जायचा आहे आणि मोडीतले कागद वाचून आणा असं वकिलांनी सांगितलं होतं. गाठ सोडली तशी कापराचा आणि ओलीचा वास एकदम आला. आमच्याकडे कागद टिकतो तो नशिबाने. पावसाचे चार महिने ओल खाते, उरलेले आठ कसर खाते.

तिसऱ्या कागदावर मी मोठ्याने वाचलं, ‘कउल दिल्हा’.

धाकटा म्हणाला, “म्हणजे देवाला कौल लावून जमीन दिली?” थोरल्याला ते पटलं नाही. “छपराच्या कौलांचा काय तरी असतला,” तो म्हणाला.

मी लगेच उत्तर दिलं नाही. वीस वर्षांपूर्वी याच शब्दापाशी मी चुकलो होतो, आणि ती चूक अजून अंगावर आहे. एका देवस्थानचे कागद वाचायला आले होते. कागद देवळाचे आणि शब्द कौल, म्हणून मी सारांशात बिनदिक्कत लिहून टाकलं की देवाचा कौल घेऊन जमीन लावून दिली. ज्यांच्याकडे मी मोडी शिकलो त्यांनी ते पान पाहिलं आणि एवढंच विचारलं, “पुढच्या ओळीत इस्तावा आहे, तो वाचलास का?” वाचला होता. अर्थ लागला नव्हता, म्हणून तसाच उतरवून पुढे गेलो होतो.

इस्तावा म्हणजे चढता सारा. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याकडून पहिल्या वर्षी नावापुरतं घ्यायचं, दुसऱ्या वर्षी थोडं जास्त, असं करत काही वर्षांनी पुऱ्या दरावर यायचं. हे ठरवून सरकार रयतेला लेखी शब्द द्यायचं, की या, वस्ती करा, जमीन कसा, ठरल्यापेक्षा जास्त घेणार नाही, उपद्रव लागू देणार नाही. त्या शब्दाचं नाव कौल. लढाईच्या धामधुमीत गाव सोडून गेलेल्यांना परत बोलावताना कौल दिला जाई, बंदरात येणाऱ्या व्यापाऱ्यालाही दिला जाई. रयत उलट लिहून द्यायची ती कबुलायत. कौल वरून खाली, कबुलायत खालून वर. आंबोली, गेळे, चौकुळ या गावांतल्या ‘कबुलायतदार गावकर’ जमिनींचा प्रश्न आजही वर्तमानपत्रांत येतो, त्यातली कबुलायत ती हीच. जोडीतला एक शब्द महसुलात राहिला. दुसरा देवळात गेला.

मूळ अरबी. तिथे कौल म्हणजे बोल, तोंडातून निघालेला शब्द. कव्वाली त्याच मुळाची. छपराच्या कौलाचं मूळ निराळं, आणि त्याचं लिंगही निराळं. ते कौल नपुंसकलिंगी, हा कौल पुल्लिंगी. ‘दिल्हा’ हे क्रियापद समोर असताना थोरल्याचा तर्क टिकत नव्हता. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भरवसा नसतो. आधी शिरोरेघ आखून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत, बोरू शक्यतो न उचलता, ओळ संपवायची. अशा ओळीत दिल्हा-दिल्ही-दिल्हे या शेपटाला धरूनच मागचा शब्द ओळखावा लागतो.

त्या चुकीनंतर अनोळखी शब्द मला फसवत नाही. ‘इस्तावा’सारखा शब्द समोर आला की मी आता आपोआप थांबतो, मोल्सवर्थचा १८५७चा कोश उघडतो, दाते-कर्व्यांचा शब्दकोश काढतो. ओळखीचा शब्द मात्र दारात अडवला जात नाही. घरातलाच म्हणून आत येतो आणि आजचा अर्थ कागदावर ठेवून निघून जातो. रजा या शब्दाने किती कागद असे बिघडवले असतील! आज रजा म्हणजे कामावर न जाणं, जुन्या पत्रात ती परवानगी असते. ‘साहेबांची रजा घेऊन गेले’ याचा अर्थ साहेबांच्या संमतीने गेले, म्हणजे बहुतेक वेळा कामावरच गेले. कारकून हा शब्द आज कुणी कौतुकाने उच्चारत नाही, पण शिवकाळात मोठ्या जबाबदारीची माणसं त्या नावाने ओळखली जात. शब्दशः तो कार्य करणारा. हवालदाराचंही तेच. समोर मालवणच्या समुद्रात दिसणाऱ्या किल्ल्यावर तेव्हा हवालदार म्हणजे किल्ल्याचा मुख्य, ज्याच्या हवाली किल्ला केलेला असतो तो. त्याच्या जोडीला सबनीस आणि कारखानीस. नात्यातल्या एका मुलाला मी हे सांगितलं, त्याचे वडील पोलिसांत हवालदार होते. तो बराच वेळ किल्ल्याकडे बघत उभा राहिला.

किल्ल्याचं नावसुद्धा बघा. २५ नोव्हेंबर १६६४ला कुरटे बेटावर काम सुरू झालं आणि महाराजांनी त्याला सिंधुदुर्ग म्हटलं. पुढे राज्याभिषेकानंतर रघुनाथपंत हणमंत्यांकडून त्यांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. राज्यकारभारातल्या सुमारे १३८० फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. मुजुमदार अमात्य झाले, डबीर सुमंत झाले. ‘किल्ला’ काही गेला नाही. मालवणात आजही ‘किल्लो’च म्हणतात. १ मे १९८१ला रत्नागिरी जिल्हा दुभागला, नव्या जिल्ह्याला सिंधुदुर्ग नाव मिळालं, आणि आता ‘सिंधुदुर्गात बदली झाली’ म्हटलं तर कुणाच्या डोळ्यांसमोर तटबंदी येत नाही. हा बदल माझ्या डोळ्यांदेखत झाला. जिल्ह्याच्या आधीचा कागद असेल तर मी समासात आवर्जून लिहितो, ‘येथे किल्ला अभिप्रेत’.

पण मला सगळ्यांत जास्त गुंतवून ठेवतो तो कौलच. देवळात कौल लावताना गुरव देवाच्या पाषाणावर पाण्याने पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालतात आणि सगळे डोळे त्या पाकळ्यांवर लागतात. उजवीकडची पडली तर उजवा कौल, देव हो म्हणाला. आता यातला गाऱ्हाणं हा शब्द घ्या. पुण्यामुंबईकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, रडगाणं. आमच्याकडे घराच्या पायाभरणीला गाऱ्हाणं, लग्न ठरलं की गाऱ्हाणं, पहिली होडी पाण्यात लोटताना गाऱ्हाणं. त्यात तक्रार असेलच असं नाही. ती एक विनंती असते, सगळ्यांच्या वतीने एकाने बोललेली, आणि देवाला हाक असते ती ‘म्हाराजा’ अशी. जुन्या कागदांतही रयत हुजुरात जाऊन गाऱ्हाणं करते, आणि महाराज कौल देतात. तेच शब्द, तोच क्रम. माझं वाचन असं आहे की दरबार मोडले, राज्यं बदलली, पण दरबारात उभं राहून बोलायची रीत आमच्या गावांनी देवळात सांभाळून ठेवली. मानकरी तिथे आहेत, हुकूम तिथे आहे, गाऱ्हाणं आणि कौल तिथेच आहेत. कोशात जे अर्थ कंस घालून ‘जुना’ म्हणून दिलेले असतात, ते इथे जत्रेच्या दिवशी मोठ्याने बोलले जातात.

चुकीनंतरच्या त्या दिवसांत मी आमच्या वाडीतल्या एका आजीला विचारलं होतं, कौल म्हणजे नेमकं काय गे? ती आंब्याची साठं उन्हात घालत होती. मान वर न करता म्हणाली, “शब्द रे. देवान दिलेलो शब्द. तो देवाकसुद्धा मोडूक येना नाय.” तिने शाळा पाहिली नव्हती. पण बोल हा मूळ अर्थ आणि बांधून घेणारा शब्द हा दरबारी अर्थ, दोन्ही तिच्या एका वाक्यात होते. तेव्हापासून शब्द अडला की कोशांच्या आधी मी माणसांना विचारतो.

आणि निवडणूक आली की त्याच शब्दाचं तोंड फिरलेलं दिसतं. ‘मतदारांचा कौल कुणाला?’ असा मथळा येतो. पूर्वी राजा रयतेला द्यायचा, मग देव भक्ताला देऊ लागला, आता रयत देते आणि राज्य करू पाहणारे हात जोडून वाट बघतात. शब्दाची अक्षरंही हलली नाहीत आणि देणारा-घेणारा यांची जागा उलटली. हा बदल मला फार मोठा वाटतो. कुणी समिती नेमून तो केला नाही. नवा शब्द घडवण्यापेक्षा लोकांनी हातातलाच शब्द दुसऱ्या टोकाने धरला.

म्हणून लिप्यंतरात मी ‘कउल’ ‘कउल’च ठेवतो, दुरुस्त करत नाही. अर्थ समासात, आणि शेजारी कागदाचा काळ. काही वकिलांना हे आवडत नाही, त्यांना सोपं मराठी हवं असतं. पण सोपं करताना मी माझ्या काळातला अर्थ दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या तोंडी घालतो, आणि तो माणूस ते नाकारायला कोर्टात येऊ शकत नाही.

मसुऱ्याच्या भावांना मी सगळं समजावून सांगितलं. धाकट्याने ‘कबुलायत’ हा शब्द मोबाइलमध्ये लिहून घेतला. तिची प्रत बाडात नव्हती. वरच्या माळ्यावर अजून एक पेटी आहे, ती बघतो म्हणाला. जायच्या आधी थोरल्याने सांगितलं की दावा लावण्यापूर्वी देवळात गाऱ्हाणं घालायचं आहे, तुम्ही या.

गेलो. गाऱ्हाणं घालणारा पन्नाशीचा माणूस, आवाज खणखणीत. बारा-पाचाच्या देवाला हाक मारून त्याने सुरुवात केली, आणि एकेक मागणं येत गेलं. कोर्टाची तारीख नीट पार पडू दे. पोराचं सिलेक्शन होऊ दे. दुबईचा व्हिसा लवकर येऊ दे. सातबाऱ्यावरची ऑनलाइन चूक सुधारली जाऊ दे. प्रत्येक मागण्याला सभामंडपातून एकच उत्तर उठत होतं, “व्हय म्हाराजा!”

मी वही काढली आणि ‘ऑनलाइन’ लिहून त्यापुढे दिवस आणि साल घातलं. तोवर गुरवाने पाकळ्या लावल्या होत्या. सगळे गप्प झाले.