व्हॅनिटी व्हॅन, मोठी हो, पण दारांनी!

प्रिय व्हॅनिटी व्हॅन,

तुझा मालक तुला विकून मोठी गाडी घेणार, असं सेटवर कळलं. अंधेरी-गोरेगावात मोठ्या गाडीला मागणी आहे, भाडंही बरं मिळतं. पण मोठी म्हणजे कशी, हे अजून ठरायचं आहे आणि ते ठरवताना सेटवरच्या बायकांना कुणी विचारणार नाही. म्हणून हे पत्र तुला, सगळ्यांच्या देखत.

तू नव्हतीस तेव्हाचे हाल जुन्या अभिनेत्रींनी सांगून ठेवले आहेत. बाहेरच्या चित्रीकरणात झुडपांच्या आड सॅनिटरी पॅड बदलावे लागत, हे जया बच्चन जाहीरपणे बोलल्या. पुढे पूनम ढिल्लों यांनी पुढाकार घेतला आणि तू इथल्या चित्रसृष्टीत रुजलीस. बाईला आडोसा हवा होता, तो तू दिलास. हे उपकार आम्ही विसरलेलो नाही.

आज तो आडोसा कुणाकुणाच्या वाट्याला येतो, ते बघ. गोरेगावच्या चित्रनगरीत पहाटे गाड्या रांगेनं लागतात. अख्खी एका खोलीची गाडी नायक-नायिकेची. दोन आणि तीन दारांच्या गाड्या बाकीच्या कलाकारांच्या. प्रत्येक दारावर पात्राचं नाव लिहिलेला कागद चिकटपट्टीनं लावलेला. आत दिव्यांच्या चौकटीतला आरसा, सोफा, एसी आणि कोपऱ्यात दोन्ही हात पसरले तर भिंतींना टेकतील एवढं स्वच्छतागृह. त्याच खोलीत उभं राहून केस करणारी हेअरड्रेसर, कपडेपट सांभाळणारी मुलगी, गर्दीच्या दृश्यासाठी आलेल्या ज्युनियर आर्टिस्ट, यांच्या नावाचा कागद मात्र कुठल्याच दारावर नसतो.

चित्रनगरी ५२० एकरांची. सेट आतल्या अंगाला लागला की स्वच्छतागृह लांब पडतं. शॉट कधी लागेल याचा नेम नसतो, त्यामुळे जाऊन यायची सोय नाही. मग बायका पाणी पिणंच कमी करतात. केरळच्या चित्रसृष्टीवरचा न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये खुला झाला, त्यातही हेच आहे: सोय नाही म्हणून बायका तासन्‌तास पाणी पीत नाहीत आणि मूत्रमार्गाच्या संसर्गानं आजारी पडतात.

आमच्या धंद्यात बाईनं केस करावेत, मेकअप पुरुषानंच करावा, असा मेकअप आणि केस करणाऱ्यांच्या संघटनेचा नियम अनेक दशकं होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मोडीत काढला. बायकांना काम करायचा हक्क मिळाला. कामावर असताना लागणारी साधी सोय अजून मिळायची आहे.

आता मोठ्या गाडीचा हिशेब मांडते. गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोच्या वर गेलं की हलक्या वाहनाचा परवाना पुरत नाही, त्यावरचा परवाना असलेला ड्रायव्हर ठेवावा लागतो. हजार लिटरची टाकी भरली की नुसत्या पाण्याचंच वजन एक टन. मढच्या अरुंद रस्त्यांवर लांब गाडी वळवताना घाम फुटतो, चित्रनगरीच्या चढ-उतारांवर तिला सपाट जागा शोधावी लागते. मैल्याची टाकी वेळेवर उपसली नाही, तर त्या दुर्गंधीत आत बसवत नाही. एवढा खर्च आणि एवढा व्याप करून वाढवलेली जागा एकाच माणसाच्या दुसऱ्या सोफ्यासाठी जावी, हे मला पटत नाही.

म्हणून तुझ्या मालकाला माझं सांगणं आहे: नवी गाडी घेताना फूट मोजा, तशी दारंही मोजा. आतली बांधणी ठरवतानाच एक वेगळं दार ठेवा. त्यामागे स्वच्छतागृह, आतून लागणारी कडी, पाण्याचा नळ आणि झाकणाची कचरापेटी एवढं असलं तरी पुरे. त्या दारावर कुणा एकाचं नाव लावू नका, फक्त ‘महिला कर्मचारी’ असं लिहा.

आणि निर्मात्यांनो, गाडी भाड्यानं ठरवताना हे दार आहे का, ते आधी विचारा. तुम्ही विचारलंत, तर मालक ते बांधतीलच.

तुझी,
गोरेगावच्या सेटवरची एक हेअरड्रेसर