दुकानात न पोचलेली रेकॉर्ड

प्रिय दादा,

बिग स्टार या पॉवर पॉप बँडचा 'नंबर वन रेकॉर्ड' अजून ऐकतेस का, असं विचारलंस. ऐकते रे! आज मी ऑडिओबुकसाठी आवाज रेकॉर्ड करते, त्या कामाचा कान मला तू दिलेल्या त्या अल्बमनेच दिला.

पॉवर पॉप म्हटलं की लोकांना खणखणीत गिटार आणि चटकन ओठांवर येणारी चाल आठवते. ते सगळं इथे आहेच. 'फील'मध्ये ख्रिस बेल जीव तोडून गातो, मागे ब्रास वाजतं. पण तीन गाण्यांनंतर 'थर्टीन' येतं आणि ड्रम गायब होतात! उरतात अकूस्टिक गिटार आणि अ‍ॅलेक्स चिल्टनचा कोवळा आवाज. 'द लेटर' जोरकस आवाजात गाऊन सोळाव्या वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलेला हा मुलगा इथे अगदी हळू गातो. जोर आणि नाजूकपणा एकाच माणसाचे असू शकतात, हे मला तिथे कळलं. आर्डंट स्टुडिओच्या जॉन फ्रायने तारेवरचं बोटसुद्धा ऐकू येईल इतकं स्वच्छ ध्वनिमुद्रण केलंय. म्हणूनच ऑडिओबुक वाचणाऱ्याचा श्वास मी कापत नाही. निर्माते कधी कुरकुरतात, तरी ठेवते. (बँडमधल्याच अँडी हमेलचं 'द इंडिया साँग' मात्र मला अजूनही आवडत नाही. त्यातला भारत फारच दुरून पाहिलेला आहे.)

मेम्फिसच्या या चौघांच्या बँडने स्टुडिओजवळच्या किराणा दुकानाचं नाव घेतलं आणि १९७२ साली पहिल्याच रेकॉर्डला 'नंबर वन' म्हटलं. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, पण स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या वितरणाचा घोळ असा की रेकॉर्ड दुकानांतच पोचेना. सुरुवातीला दहा हजारही खपल्या नाहीत. बेल खचला, बँड सोडून गेला आणि १९७८मध्ये मोटार अपघातात सत्ताविसाव्या वर्षी वारला. पुढे आर.ई.एम., रिप्लेसमेंट्स या बँडनी बिग स्टारचं ऋण उघड मानलं, रिप्लेसमेंट्सनी तर चिल्टनच्या नावाचं गाणंच केलं. त्यातलं काहीच बेलला बघायला मिळालं नाही. याला 'उशिरा मिळालेला न्याय' म्हणतात तेव्हा मला राग येतो. न्याय कुणाला मिळाला?

तू येशील तेव्हा याच अल्बममधलं 'एल गुडो' मोठ्या स्पीकरवर लावू. हेडफोनवर त्यातल्या एकत्र गाण्याची उंची कळत नाही, हे माझं मत पक्कं आहे. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी