वूस्टरची हरपलेली छाया

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत वूस्टर नांवाचें टेकड्यांवर वसलेलें शहर आहे. त्याच्या ग्रीनडेल भागांतून हिंडतांना प्रवाशास नवल वाटतें: घरें जुनीं, पण झाडें मात्र कोवळीं!

१९५३ सालच्या प्रचंड वावटळीनें येथील पुराणे वृक्ष उन्मळून पडले. त्यांच्या जागीं लोकांनीं बहुतेक मेपलचींच झाडें लावलीं. तीं वाढून रस्त्यांवर हिरवें छत झालें. परंतु एकाच जातीच्या या रांगांतच पुढील अनर्थाचें बीज होतें.

२००८ च्या ऑगस्टमध्यें येथें एक भुंगेरा आढळला. रंग काळाकुळकुळीत, अंगावर पांढरे ठिपके, मिशा शरीराहूनही लांब. हा मूळचा चीन-कोरियाकडचा; मालाच्या लाकडी खोक्यांतून अमेरिकेंत शिरलेला. मादी सालींत खांचा पाडून अंडीं घालते आणि अळी गाभ्यापर्यंत लांकूड पोखरते. बाहेरून हिरवें दिसणारें झाड आंतून केव्हांच खचलेलें असतें.

झाड तोडून त्याचा भुगा करणें हाच मुख्य उपाय. सुमारें ३०,००० झाडें गेलीं. त्यांत शेजारदोषानें निरोगीही गेलीं. हद्दीबाहेर सरपण नेण्यासही बंदी झाली. कारण पलीकडे न्यू इंग्लंडचीं अफाट मेपल-अरण्यें होतीं. त्यांच्यासाठीं नगरवासीयांनीं आपल्या दारची सांवली दिली.

नवीं झाडें नाना जातींचीं लावलीं आहेत. एकसारखी रांग शोभिवंत दिसते खरी. पण संमिश्र वनराईच संकटांत तग धरते, हें वाचकांनीं वृक्षारोपण करतांना ध्यानीं ठेवावें.