नावाची पाटी आणि ती तपासणारे डोळे

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील ‘अर्क’ आणि नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रातील ‘अरुणिका’ या महासंगणकांचे लोकार्पण झाले. अर्कची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, अरुणिकाची ८.२४ आणि दोहोंचा एकत्रित खर्च ८५० कोटी रुपये. हे आकडे देशभरच्या बातम्यांत आले आणि ते यायलाच हवे होते. मात्र अशा यंत्रांचा पाया असलेल्या आज्ञावलीविषयी क्वचितच कोणी बोलते. जगातील अग्रगण्य ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालते. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, होणारा प्रत्येक बदल आधी कोणीतरी ओळ न् ओळ वाचून पारखायचा असतो. या पारखण्यात काय पणाला लागते, ते एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या बदलातून दिसते. तो म्हणजे चालू प्रक्रियेला स्वतःचे नाव बदलू देणे.

संगणकावर एकाच वेळी शेकडो प्रक्रिया चालू असतात. ‘पीएस’ ही आज्ञा दिली की त्यांची नावनिशी पडद्यावर उमटते. पोस्टग्रेस या विदासाठ्यात प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रक्रिया असते. ती आपल्या शीर्षकात वापरकर्त्याचे नाव, विदासाठ्याचे नाव आणि सध्या चाललेले काम लिहून ठेवते. मध्यरात्री यंत्र अडले तर व्यवस्थापकाची नजर आधी या पाट्यांवर जाते. ही कल्पना एरिक ऑलमन यांच्या सेंडमेल या टपाल-आज्ञावलीतली. तिथून ती फ्रीबीएसडीने उचलली आणि आपल्या २.२ या आवृत्तीत तिला रीतसर स्थान दिले.

लिनक्समध्ये प्रक्रियेला दोन नावे असतात. आखूड नाव कर्नेल स्वतःच्या वहीत ठेवतो. त्याला जागा १६ बाइट, त्यातला शेवटचा समाप्तीचा शून्य, म्हणजे उरले १५. देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हाला, मग ते अक्षर असो, काना-वेलांटी असो वा हलन्त, यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट लागतात. ‘अर्क’ची चार चिन्हे १२ बाइटांत मावतात. ‘अरुणिका’ची सात चिन्हे २१ बाइट मागतात, म्हणून पाटीवर ‘अरुणि’ एवढेच उरते. नावाची ही मर्यादा जिने ठरवली, तिच्या डोळ्यांसमोर आपली लिपी नव्हती.

खरी गुंतागुंत लांब नावात आहे, कारण ते कर्नेलच्या वहीत नसून प्रक्रियेच्या स्वतःच्या स्मृतीत असते. आज्ञावली सुरू होताना तिला दिलेले शब्द एका पट्टीत मांडले जातात आणि त्यांना लागूनच ‘पर्यावरण’ म्हणजे परिसराची माहिती मांडली जाते. जुन्या आज्ञावली शीर्षक बदलण्यासाठी पहिल्या पट्टीवरच नवे अक्षर गिरवत. नाव लांबले की ते शेजारच्या पट्टीत शिरे. म्हणून त्या पर्यावरण आधीच दुसरीकडे हलवून जागा मोकळी करून ठेवत. कर्नेलनेही हा पायंडा सांभाळून घेतला. पहिल्या पट्टीच्या शेवटी शून्य सापडला नाही, तर नाव पुढे वाहत गेले आहे असे समजून तो शेजारीही वाचतो.

परीक्षकाचे बोट इथेच थांबले पाहिजे. प्रक्रियेचे शीर्षक सर्वसाधारणपणे त्या यंत्रावरील कोणालाही वाचता येते. पर्यावरण मात्र धन्यालाच आणि व्यवस्थापकालाच वाचता येते, कारण तिथे अनेकदा संकेतशब्द आणि गुप्त किल्ल्या ठेवलेल्या असतात. या दोहोंमधली भिंत एका शून्याच्या जाडीची आहे. देशातील परम मालिकेच्या महासंगणकांसारख्या सामायिक यंत्रांवर अनेक संशोधक एकाच वेळी काम करतात. तिथे वाचनाची सीमा एका बाइटाने चुकणे म्हणजे एकाची किल्ली दुसऱ्याच्या पडद्यावर जाण्याची शक्यता.

ही भीती काल्पनिक नाही. जुलै २०१९ मध्ये याच भागात एक दोष उघड झाला. कर्नेलच्या तात्पुरत्या साठ्यातला एक बाइट, ज्यात काहीच लिहिलेले नाही असा, वाचणाऱ्याच्या हाती पडण्याचा संभव होता. लिनस टॉर्वाल्ड्स यांनी आधी सगळे अपवाद काढून टाकले आणि कर्नेल ठरलेल्या पट्टीबाहेर वाचणारच नाही असे केले. मग शीर्षकाचा अपवाद त्यांनीच परत आणला, पण वेगळ्या आणि स्पष्ट स्वरूपात: शेवटचा शून्य पुसलेला असेल तरच पुढे वाचायचे आणि पहिला शून्य भेटताच थांबायचे. हा अपवाद कायमचा का काढला नाही? कारण चालत आलेली आज्ञावली कर्नेलच्या बदलाने मोडू नये, हा लिनक्सचा दंडक आहे. शुद्धता आणि वचनपालन यांत ओढाताण झाली, तेव्हा दोन्ही सांभाळणारी वाट शोधावी लागली.

मग प्रक्रियेने आपले शीर्षक कुठे आहे ते कर्नेललाच सांगावे, हे सोपे नाही का? तशी सोय २०१२ मध्ये आली. तिचा हेतू थांबवलेली प्रक्रिया पुन्हा जशीच्या तशी उभी करणे हा होता आणि ती वापरायला विशेषाधिकार लागतो. म्हणून ‘हा अधिकार सर्वांना द्या’ असे सुचवणारा पॅच आला, तर परीक्षक ओळींची संख्या मोजत नाही. तो विचारतो: सांगितलेला पत्ता खोटा असेल तर? एक धागा पत्ता बदलत असताना दुसरा वाचत असेल तर? आज ठीक चालणारी कोणती जुनी आज्ञावली उद्या बिघडेल?

आणखी एक प्रश्न सर्वांत जुना आहे. पाटी म्हणजे ओळखपत्र नव्हे. प्रक्रिया स्वतःला हवे ते नाव लावू शकते आणि घातक आज्ञावली चौकोनी कंसातले नाव धारण करून कर्नेलच्याच कामगारांत मिसळतात. म्हणून शीर्षक कर्नेलने दाखवावे, पण त्याची हमी देऊ नये. अधिकार ठरवताना तर त्याकडे पाहूच नये.

उत्तम परीक्षणाची खूण बहुधा न घडलेल्या गोष्टींत असते. फुटली नाही ती गुप्त किल्ली, मोडली नाही ती जुनी आज्ञावली, मध्यरात्री वाजला नाही तो फोन. अशा गोष्टींचे लोकार्पण होत नाही. पण पावसाचा अंदाज वेळेवर पोहोचतो, त्यामागे पेटाफ्लॉप्सइतकेच हे सावकाश वाचनही असते. आपल्या विद्यापीठांत नवी आज्ञावली लिहायला शिकवतात. दुसऱ्याची आज्ञावली संशयाने आणि तरीही सौजन्याने वाचायला शिकवणे हेही तितकेच विज्ञानाचे काम आहे.