सरासरी काढा

ऑफिसातल्या हेल्थ कॅम्पमध्ये माझं बीपी निघालं १४८/९४. मागे रांगेत उभा असलेला टीममेट म्हणाला, "शुक्रवारी रिलीज आहे ना, म्हणून!" सगळे हसले, मीही हसलो. पण बाबांना चाळिशीतच बीपीची गोळी सुरू झाली आणि मी आत्ता २८ चा आहे, हे गणित डोक्यात लगेच झालं.

आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे १३६/८८ आलं. त्यांनी गोळी दिली नाही, आणि 'काही होत नाही रे' असंही म्हटलं नाही. म्हणाले, "दंडाला बांधायचं मशीन घे. सात दिवस घरी मोज, सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. पहिला दिवस सोडून दे आणि उरलेल्याची सरासरी घेऊन ये."

हे आपल्या जमातीला पटकन कळावं. सर्व्हरचा सीपीयू एकदा ९५ टक्क्यांवर गेला म्हणून कोणी नवा सर्व्हर मागवत नाही. आपण लोड अ‍ॅव्हरेज बघतो. बीपीसुद्धा दिवसभर वरखाली होतच असतं. रात्री झोपेत साधारण १० ते २० टक्के उतरतं, पहाटे पुन्हा चढायला लागतं. जिना चढलात, कॉफी प्यायलात, मॅनेजरचा फोन आला, की गेलं वर! मोजताना गप्पा मारल्या, पायावर पाय टाकला, हात खाली लोंबता ठेवला, तरी आकडा फुगतो. म्हणून आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकवायची, दंड हृदयाच्या उंचीवर आणि तोंड बंद. (यातलं शेवटचं मला सगळ्यात अवघड, इति आई.)

पण 'वरखाली होतंच' म्हणून सोडूनही देता येत नाही. फक्त डॉक्टरांसमोर वाढणाऱ्या बीपीला 'व्हाइट कोट' म्हणतात. अशा लोकांना पुढे कायमचं हायपरटेन्शन होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. याच्या उलट प्रकार म्हणजे 'मास्क्ड': दवाखान्यात नॉर्मल, घरी-ऑफिसात जास्त. हा जास्त वाईट, कारण अलार्म वाजतच नाही.

माझ्या २४ रीडिंग्जची सरासरी आली १३१/८३. आता गंमत बघा. अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० लाच हायपरटेन्शन म्हणतात. आपल्याकडे दवाखान्यात १४०/९० आणि घरच्या मोजणीत १३५/८५ ही रेघ. म्हणजे न्यू जर्सीत ऑनसाइट असतो तर मी पेशंट, पुण्यात नाही!

रक्तवाहिन्यांना मात्र व्हिसा कळत नाही. धोका कुठल्या एका आकड्यावर अचानक सुरू होत नाही, तो हळूहळू चढतो. चाळिशीपासून सत्तरीपर्यंतच्या वयात ११५/७५ च्या पुढे दर २०/१० ला हृदयविकार आणि पक्षाघाताने मरण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो. आणि माझ्यासारखे काठावरचे लोक रेघ ओलांडण्याची शक्यताही जास्त, त्यात घरात बीपी असेल तर आणखीच.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं जुनंच आहे. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. रोज अर्धा तास भरभर चालणं. पोट कमी करणं. पुरेशी झोप. तीन महिन्यांनी परत सात दिवस मोजायचं ठरलंय.

तुमच्याही घरात आई-बाबांचं मशीन कपाटात असेलच. येत्या रविवारी काढा आणि स्वतःच्या दंडालाही लावा. फक्त एकाच आकड्यावर हसू नका, आणि एकाच आकड्याला घाबरूही नका.